जडसंग्रह क्रमांक सत्तेचाळीसच्या चार तारा

चिकनगुनिया उतरला तरी नर्मदाअक्कांच्या डाव्या हाताची बोटं काही सरळ वागेनात, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ही तीन बोटं रोज चालवा. बसवून ठेवलीत तर कायमची बसतील." अक्कांनी चोपडा तालुक्यात नर्स म्हणून एकतीस वर्षं काढली होती. डॉक्टरचं कुठलं बोलणं मनावर घ्यायचं आणि कुठलं नाही, हे त्यांना कळत होतं. हे मनावर घेण्यासारखं होतं. त्यांनी रबरी चेंडू आणला, आठवडाभर दाबला आणि कंटाळून खुर्चीखाली सोडून दिला.

मग पुण्याहून लेकीने, वृषालीने, युकुलेले पाठवलं. गिटारचं लेकरू म्हणावं असं हातभर वाद्य, त्याला नायलॉनच्या चार तारा, बोटांना न बोचणाऱ्या. अक्का मोबाइलवर बघून शिकायला बसल्या. तिसऱ्या दिवशी मधलं बोट तारेला टेकलं, नवव्या दिवशी अनामिका टेकली. "अगं, टेकली!" एवढंच त्यांनी वृषालीला फोनवर सांगितलं, आणि दोघी मायलेकी दोन्हीकडून रडल्या. करंगळी तेवढी राहिली होती. ती टेकली की अक्कांची आई जात्यावर म्हणायची ती चाल पूर्ण वाजणार होती.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग अक्कांच्या हातून एक चूक झाली. जून महिन्यात त्यांनी ते वाद्य कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दाखवायला नेलं, आणि "राहू द्या हो एक रात्र, उद्या बठ्ठे जण बघतील" या आग्रहाला बळी पडून तिथेच ठेवलं.

मंडळाचे सचिव पितांबर नाना हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. म्हणजे खात्याने त्यांना सोडलं होतं, त्यांनी खात्याला सोडलं नव्हतं. तोताराम भाऊंची छत्री सभागृहातून नाहीशी झाली त्या वर्षी नानांनी नियम केला होता की, जी वस्तू सभागृहात रात्र काढील तिची नोंद झालीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी अक्का पोचण्याआधी मंडळाच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत नोंद झालेली होती: "जडसंग्रह क्र. ४७. सतार, लहान, एक. देणगी."

"नाना, देणगी कसली? माझी आहे ती."

"होती," नाना मृदूपणे म्हणाले. "अक्का, नोंद शाईने झाली आहे."

वाद्य परत न्यायचं तर त्याचं निर्लेखन, म्हणजे वहीतून नाव कमी, व्हायला हवं, आणि निर्लेखन फक्त निरुपयोगी वस्तूचं होतं. वाजत होतं तोवर ते उपयोगीच होतं. मात्र अक्कांनी रोज तासभर येऊन ते वाजवायला मंडळाची काही हरकत नव्हती; उलट अभिमानच होता. अक्कांनी वाद घातला नाही. रोज ज्यांच्याबरोबर फिरायला जायचं त्यांच्याशी चार तारांपायी कशाला वाकडं घ्या, असं त्यांना वाटलं.

चौथ्याच दिवशी लोटन आबांनी वाद्य हातात घेतलं. आबा एसटीच्या धुळे डेपोत मेकॅनिक होते, आणि जगात जे काही बिघडतं ते ढिलेपणामुळे बिघडतं, असा त्यांचा अनुभव होता. "अक्का, हाई खुंटी ढिली शे," असं म्हणत त्यांनी ती आवळली, आणखी आवळली, आणि पहिली तार फटकन तुटून त्यांच्या चष्म्यावर बसली. आबांनी चष्मा पुसला. "कच्चा माल," ते म्हणाले.

सभागृहाचा राखणदार हिलाल भोई दारात उभा राहून हे बघत होता. दर रविवारी गिरणेवर गळ टाकणारा माणूस. त्याने आपल्या पिशवीतून तंगुसाची गुंडी काढली, हातभर तोडली आणि खुंटीला बांधून दिली. "मना तंगूसवर दहा किलोना मासा लटकस, अक्का. तुम्हनं गाणं काय जड शे?" अक्कांनी छेडून पाहिलं. तारेचा आवाज असा स्वच्छ निघाला की आबांनीसुद्धा मान डोलावली. तार तुटल्यापासून दुरुस्तीपर्यंत एकूण अकरा मिनिटं लागली होती. जडसंग्रह क्रमांक सत्तेचाळीसचा प्रश्न तिथेच सुटला होता, आणि नाना त्या वेळी देना बँकेच्या मागे मेथी निवडून घेत होते.

नाना आले. त्यांनी तंगुसाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"हे मासेमारीचं साहित्य आहे," ते म्हणाले. "मत्स्यव्यवसायाची वस्तू सांस्कृतिक वस्तूला जोडायची कोणत्या आदेशाने?"

"पण नाना, वाजतंय छान," अक्का म्हणाल्या.

"वाजण्याबद्दल माझं दुमत नाही. उद्या कोणी विचारलं, हीच तार का, तर मी काय उत्तर देऊ? वाजते म्हणून? असं उत्तर मी छत्तीस वर्षांत दिलेलं नाही."

तंगूस काढण्यात आलं. जूनअखेरच्या सर्वसाधारण सभेत तंतू निवड समितीचा ठराव आला. बाहेर चहा उकळून तयार होता, भजी तळून निघाली होती, त्यामुळे चर्चेची कोणाला गरज भासली नाही. हजर असलेल्या एकूण एक सभासदाने हात वर केला. नाना अध्यक्ष, लोटन आबा तांत्रिक सदस्य, आणि कापूस खरेदी केंद्रावरचे निवृत्त ग्रेडर लीलाधर भाऊ गुणवत्ता सदस्य. अक्कांना निमंत्रित म्हणून घेतलं. निमंत्रिताला बसता येतं, बोलता येत नाही.

पहिल्याच बैठकीत असं निघालं की, एकाच वाद्यावर तीन जुन्या आणि एक नवी तार हा जुन्या तारांवर अन्याय आहे. चारही उतरवल्या गेल्या आणि वाद्य लोखंडी कपाटात गेलं. "येत्या मंगळवारी नव्या लागतील," नाना अक्कांना म्हणाले. वृषाली फोनवर म्हणाली, "आई, मी दुसरं पाठवते." अक्का म्हणाल्या, "नको गं, मंगळवारवर आलंय. मेल्या तारांच्याच तीन तऱ्हा पाठव, यांना नमुने हवेत." ती मंगळवारची गोष्ट पुढे अक्कांनी लेकीला एकोणीस वेळा सांगितली.

नमुने आले. एक काळ्या नायलॉनच्या तारांचा, एक काचेसारख्या पारदर्शक तारांचा, एक वरून बारीक तार गुंडाळलेल्यांचा. आता नियम असा की, मंजुरीआधी नमुना वाद्याला लावायचा नाही, आणि लावून पाहिल्याशिवाय मंजुरी द्यायची नाही. यातून आबांनी वाट काढली. त्यांनी सागाच्या फळीवर आठ खिळे ठोकले आणि तारा त्यावर ताणल्या. महिनाभर समिती त्या फळीची चाचणी घेत होती. फळीतून आवाज येत नव्हता, पण तो सर्व नमुन्यांतून सारखाच येत नव्हता, त्यामुळे तुलना निःपक्षपाती झाली.

लीलाधर भाऊंनी आयुष्यभर कापसाचा पेळू चिमटीत धरून त्याच्या धाग्याची लांबी सांगितली होती. त्यांनी प्रत्येक तार चिमटीत ओढली, डोळे मिटले आणि निकाल दिला. "काळी पहिल्या वेचणीची. पारदर्शक दुसऱ्या वेचणीची. ही गुंडाळलेली फरदड आहे, हंगाम सरल्यावरची, जामनेरच्या बाजूची वाटते." आबांनी तारांना पाण्याच्या बादल्या टांगल्या. नानांनी ध्वनिचाचणी घेतली, पण त्या दिवशी त्यांच्या कानातल्या यंत्राचा सेल उतरलेला असल्यामुळे शेरा "समान" असा पडला.

अक्का दर बैठकीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि पदराखाली डाव्या हाताची बोटं हवेतच वाकवत. दिवाळीपर्यंत अनामिका पुन्हा ताठरली. एकदा न राहवून त्या बोलल्या, "नाना, माझी बोटं बसत चाललीत हो."

नाना कळवळले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः उठून अक्कांना पाणी दिलं. मग म्हणाले, "पण अक्का, ही समिती तारांची आहे. बोटं आपल्या कार्यकक्षेत येत नाहीत."

तिघांची पसंती तीन तऱ्हांची होती. कोणाचं मन दुखवू नये म्हणून पहिली तार आबांच्या आवडीची, दुसरी भाऊंच्या, तिसरी नानांच्या आणि चौथी सर्वसंमतीची, म्हणजे कोणालाच न आवडलेली, अशी लावायचं ठरलं. तसं लावून पाहिलं तर एक तार घुमे, दुसरी किंचाळे, तिसरी कुरकुरे आणि चौथी ऐकूच येत नसे. अगदी मंडळाच्या बैठकीसारखं. समितीला यात काही वावगं वाटलं नाही, पण अक्कांच्या डोळ्यांत पाणी पाहून नानांनी प्रकरण धुळ्याच्या विभागीय संघाकडे अभिप्रायासाठी पाठवलं. आबा ती फळी एसटीने स्वतः घेऊन गेले. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं.

धुळ्याच्या संघातल्या सुलक्षणाताई निवृत्त प्रयोगशाळा सहायक होत्या. त्यांचा अभिप्राय पाच आठवड्यांनी आला, आणि तो शहाण्या माणसाचा होता. तार एकसंध असावी, पारदर्शक असावी, पाणी न शोषणारी असावी, जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि ताण सोसणारी. नानांनी हा मजकूर सभागृहात मोठ्याने वाचला. दारातून हिलाल ओरडला, "हाई तर मनीच शे!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कोणीतरी पुटपुटलं. नानांनी ते इतिवृत्तात घेतलं नाही. सुलक्षणाताईंच्या मोजमापांशी हिलालची गुंडी ताडून पाहिली, तर केसाचाही फरक निघाला नाही. पण आता ते मासेमारीचं साहित्य राहिलं नव्हतं. आता ते विभागीय अभिप्रायानुसार प्रमाणित तंतू होतं. नाना धन्य झाले. "बघा अक्का," ते म्हणाले, "जूनमध्ये लावलं असतं तर ते नुसतं वाजलं असतं. आज ते नियमाने वाजेल."

जानेवारीत वर्धापनदिनाला सभागृह भरलं. फळी हार घालून टेबलावर मांडली होती. नानांनी समितीचा अहवाल वाचला. त्याला पाऊण तास लागला आणि टाळ्या पडल्या. मग अक्का मंचावर आल्या. सात महिन्यांनी युकुलेले त्यांच्या मांडीवर आलं होतं. उजव्या हाताने त्यांनी तार छेडली. सूर पहिल्या दिवसाइतकाच स्वच्छ होता. मग त्यांनी डावा हात वाद्याच्या मानेखाली नेला.

बोटं वाकली नाहीत. अक्कांनी पुन्हा प्रयत्न केला. उजव्या हाताने अनामिका धरून तारेवर दाबली, तर मधलं बोट सुटलं. मधलं धरलं, तर छेडायला हात उरला नाही. हजारो पोरांना सुया टोचताना ज्या हाताने दंड घट्ट धरले होते, तो डावा हात त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. आईची ती चाल त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवत होती, आणि त्याचंच त्यांना सगळ्यात जास्त दुःख झालं. हिलाल दारातून निघून गेला.

नानांनाही खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की नाना कागद पुढे ओढतात. त्यांनी उभं राहून ठराव मांडला: "वाद्य निर्दोष. तारा निर्दोष. याबद्दल मंडळ समाधान व्यक्त करते. वादिकेची बोटे अपेक्षित लवचिकतेची नसल्याचे निदर्शनास आल्याने बोटांबाबत स्वतंत्र उपसमिती नेमावी, व तिने चोळण्याच्या तेलाचे किमान तीन नमुने मागवावेत." लोटन आबांनी अनुमोदन दिलं. लीलाधर भाऊंनी मंचावर जाऊन अक्कांची अनामिका हळूच चिमटीत धरून पाहिली, पण मोठ्या मनाने वेचणी कितवी ते सांगितलं नाही.

मतदान झालं. बाहेर चहा उकळून तयार होता. सगळ्यांचे हात वर गेले. अक्कांनीही उजवा वर केला, डावा मांडीवरच राहिला. नानांनी बोट नाचवत हात मोजले. "एकशे बारा. एकमताने मंजूर."

एवढं वाचून तुम्ही त्या मंडळींना हसला असाल, तर हसा. पण तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली, भज्यांचा वास घेत कोण बसलं होतं, तेही एकदा आठवा. जूनच्या सभेलाही तुम्ही होता, जानेवारीच्याही. हात तेव्हाही वर केलात, आताही केलात. नाही म्हणू नका. हजेरीपटावर सही आहे तुमची, आणि ती शाईने झाली आहे.