शेनिन ब्लां आणि शेडखालची जागा

नवीन पनवेलमधल्या एका सोसायटीत गाड्या पुष्कळ आणि शेडखालच्या जागा थोड्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या तर भांडणं झाली, वयाप्रमाणे द्यायला गेले तर सगळेच अचानक म्हातारे निघाले. तेव्हा नाशिकच्या द्राक्षबागा पाहून आलेल्या सेक्रेटरी इंद्रजीतने ठराव मांडला: जागा सुसंस्कृत सभासदांना द्याव्यात, आणि सुसंस्कृतपणाची कसोटी म्हणून शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाशी परिचय धरावा. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करणारा असंस्कृत ठरला असता.

निवृत्त कृष्णकांतरावांची नवीकोरी गाडी गुलमोहराखाली उभी असे आणि कावळे तिच्यावर रोज न चुकता अभिप्राय नोंदवत. त्या शेडसाठी बिचाऱ्यांचा जीव तुटत होता. परीक्षेच्या दिवशी इंद्रजीतने समजावलं की द्राक्ष एकच. लवकर तोडलं तर वाइन आंबटसर, उशिरा तोडलं तर गोड, आणि बुडबुडे आले की महाग. मग पेला कृष्णकांतरावांपुढे आला. त्यांनी मनापासून हुंगलं.

"द्राक्षांचा वास येतोय," ते म्हणाले.

"काका, असं उघड बोलू नका," इंद्रजीत हळूच म्हणाला, "मिनिट्समध्ये जातं."

कृष्णकांतराव नापास झाले. मग त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंनी पदर खोचला. नवऱ्याच्या डोळ्यांवर पंचा बांधून त्यांना पेरू, मध आणि शेवटी भिजवलेला स्वेटर हुंगायला लावला, कारण जाणकारांना या वाइनमध्ये ओली लोकर सापडते. पनवेलच्या हवेत स्वेटर मिळवायला अख्खी इमारत पालथी घालावी लागली.

फेरपरीक्षेत पेला नाकाशी येण्याआधीच ते म्हणाले, "पेरू. मध. आणि मागून ओली लोकर." टाळ्या पडल्या. जागा मिळाली.

त्याच सभेत अडचण निघाली. उन्हात परीक्षेची वाइन बिघडते आणि सोसायटीत पक्की सावली काय ती शेडखाली. तेव्हा तिथे गाड्यांऐवजी बाटल्या ठेवाव्यात, असं ठरलं. सुसंस्कृत माणूस याला नाही कसा म्हणणार? अनुमोदन कृष्णकांतरावांनीच दिलं.

दुसऱ्या दिवशी गुलमोहराखाली गाडीच्या काचेवरचा कावळ्यांचा अभिप्राय पुसताना पद्मजाबाई म्हणाल्या, "आता याला कसला वास येतो, तेही सांगून टाका."

हसताय ना? खुशाल हसा. फक्त मागे कुणीतरी तुमच्या नाकाशी काहीतरी धरलं आणि तुम्ही "येतोय, येतोय" म्हणत मान डोलावलीत, तेव्हा तुम्हाला कुठली शेड हवी होती, तेवढं आठवून पाहा.