फोटोतला पाहुणा

वडीगोद्रीला हायवेवर भुजंगचं हॉटेल होतं. गल्ल्यामागे जयसेन या जुन्या नायकाचा फोटो, त्याला हार. टुरिंग टॉकीजच्या काळात जयसेन पडद्यावर आला की भुजंगची बायको गिरिजाबाई चक्क हात जोडायची. त्याच्या मरणाची आवई गावात आली, तेव्हा तिने तेराव्याचं जेवण घातलं होतं.

१९९९ सालची गोष्ट. दिवेलागणीला वीज गेली, वाराही पडला. गिरिजाबाईने कंदील लावून मागे पाहिलं, तर दारात जयसेन. केस पांढरे, पण कोरलेली मिशी तीच. तो आत आला आणि फोटोखालची मृत्यूची तारीख वाचू लागला.

"या दिवशी तर मला नुसती सर्दी झाली होती," तो पुटपुटला.

गिरिजाबाईच्या हातून किटली पडली. भजी खाणारे दोघे मागच्या दाराने पळाले.

"पाय दाखवा," भुजंग गल्ल्याखालून म्हणाला.

"काय?"

"पाय, साहेब! सरळ हायेत का उलटे?"

जयसेनने बूट काढले. पाय सरळ होते. मोज्यातून अंगठा तेवढा बाहेर आला होता.

"अहो, जिवंत आहे मी! औरंगाबादला सत्काराला चाललोय. गाडी गरम झाली म्हणून थांबलो. काढा तो हार!"

"काढतो, बिलकुल काढतो. पण आख्खं गाव जेवून गेल्तं, साहेब. मंग लोकायला काय सांगू?"

तेवढ्यात वीज आली. पळालेले दोघे गाव गोळा करून येत होते. जयसेनने केस सारखे केले आणि तो दारात उभा राहिला. गर्दी त्याच्या बाजूने वळून थेट गाडीपाशी गेली.

"आरं, ह्यो तर सिरियलमधला!" कुणीतरी जयसेनच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. "काल मेल्ता ना तू?"

"मुडद्याचंच काम होतं," ड्रायव्हर लाजला. "अर्धं मिनिट दिसलो."

"मरून दाखव ना!"

ड्रायव्हर बाजेवर आडवा झाला, डोळे मिटले. गर्दी चिडीचूप झाली. त्याची छाती हलेना. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

जयसेन लांबून पाहत होता. गिरिजाबाई हळूच त्याच्याजवळ आली.

"एक इचारू का? वर कसं असतंय हो?"

जयसेनने बाजेभोवतीच्या माणसांकडे पाहिलं आणि तो रिकाम्या बाकड्यावर बसला.

"निवांत असतं, बाई," तो म्हणाला. "गर्दी नसते."