सुमनताईंचा चेहरा

आमच्या सोसायटीच्या प्रत्येक ग्रुप फोटोत एका बाईला चेहरा नसतो. चेहऱ्याच्या जागी काहीतरी वेगळंच असतं. झेंडावंदनाच्या फोटोत तिथे लाडवांचं ताट आहे. आमच्या भाचीच्या बारशाच्या फोटोत खुद्द भाची आहे, पाळण्यातून उचलून ऐन वेळी पुढे धरलेली. जुहूच्या सहलीत बाईंच्या हातात नुसतं भाजलेलं कणीस होतं. त्यामागे तोंड मावेना, तेव्हा त्यांनी सरळ पाठ फिरवली. त्या फोटोत आम्ही सगळे दात काढून हसतोय आणि एक अंबाडा समुद्र बघतोय.

या आमच्या शेजारच्या सुमनताई गायकवाड. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. एकट्या राहतात. "आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली. एक शब्द बाहेर काढला नाही," असं अभिमानाने सांगतात. त्यांच्या ठेवणीतला खरा शब्द मात्र एकच: "विचारलंस?"

आमचे सेक्रेटरी पाटणकर म्हणजे याच्या अगदी उलटे. पाण्याची टाकी गळली तरी आधी फोटो, मग प्लंबर. एकदा त्यांनी सुमनताईंना बेसावध गाठलं आणि 'आमच्या लाडक्या ज्येष्ठ सदस्या' म्हणून फेसबुकवर चढवलं. ताईंनी त्यांची बेल वाजवली ती दार उघडेपर्यंत सोडली नाही.

"काढून टाक तो फोटो."

"अहो ताई, झकास आलाय!"

"झकास आलाय ना? मग माझा आहे. तू मला विचारलंस?"

पाटणकरांनी तो काढून टाकला. व्हॉट्सअॅपच्या डीपीवर निदान एखादं फूल तरी लावा म्हणून कुणी सुचवलं, तर म्हणाल्या, "कुणाचं फूल? कुणाला विचारून लावू?"

हा नियम दुसऱ्यांसाठीच होता असं नाही. एकदा दारात येऊन मला म्हणाल्या, "तुझ्या मोगऱ्यावर कीड पडलीय. नर्सरीवाल्याला दाखवायला फोटो काढू का? फक्त पानांचा. मागे तुझे कपडे वाळतायत, ते येणार नाहीत." संध्याकाळी पुन्हा येऊन त्यांनी तो फोटो माझ्यासमोर पुसला. मी घरात येऊन पोट धरून हसले. अप्पांना सांगितलं तर तेही हसले, आणि मग त्यांनी विचारलं, "सुमनताई कोण?"

अप्पा म्हणजे माझे वडील. पोस्टात हेडक्लार्क होते. गेली काही वर्षं त्यांना विसरायला होतं. आधी नावं गेली, मग रस्ते.

एका रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले आणि कडी लावायची राहिली. बाहेर आले तर दार उघडं, अप्पा नाहीत. जिन्यात धावले, गेटवर विचारलं, काय करावं सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. सुमनताई. "घाबरू नकोस. अप्पा माझ्याजवळ आहेत. मुलुंड स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांपाशी. येताना त्यांचा पायजमा आण."

तिथे पोचले तर ही गर्दी. फुटपाथवर एक उघडलेली काळी छत्री आडवी ठेवलेली आणि तिच्यापुढे सुमनताई, पदर खोचून उभ्या. समोर फोन रोखलेले.

झालं होतं असं. अप्पा बनियनवर तिथवर आले, वाट चुकली म्हणून खाली बसले आणि 'आई, आई' अशा हाका मारत रडायला लागले. पायजमा ओला झालेला. लोक जमले. कुणी पाणी दिलं, पण तिघाचौघांनी फोन काढले. "आजोबा, इकडे बघा, नाव काय तुमचं?" भाजी घेत असलेल्या सुमनताईंनी आवाज ओळखला.

मी पोचले तेव्हा त्या एका तरुणाशी भांडत होत्या.

"आंटी, व्हायरल केलं की घरचे सापडतील ना! मदतच करतोय यार!"

"सापडलेत घरचे. मी शेजारीण आहे. आता फोन खाली."

"पब्लिक प्लेस आहे."

"असं? मग माझा काढ. हे बघ तोंड. नीट घे. नाव सुमन गायकवाड, राहणार मुलुंड. घे ना!"

तो फोन डावीकडे नेई, त्या डावीकडे सरकत. उजवीकडे नेला की उजवीकडे. कुठल्याच फोटोत न दाखवलेला तो चेहरा सगळ्या फोनांसमोर, उन्हात, घामाने डबडबलेला, अगदी उघडा.

मी छत्रीमागे गेले. अप्पांच्या मांडीवर ताईंची कापडी पिशवी पसरलेली होती. ताईंनी त्यांना मटार सोलायला दिले होते. अप्पा एक दाणा पिशवीत आणि एक तोंडात टाकत होते. मला बघून म्हणाले, "गोड आहेत."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मुलुंडभर झाला. 'डेंजर आंटी' असं वर लिहिलेलं. पाटणकरांनी मला दाखवला, पण तो पुढे पाठवायचं धाडस त्यांनाही झालं नाही. मी ओशाळून ताईंकडे गेले.

"त्यात अप्पा दिसतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसती छत्री."

"मग झालं."

मी उठणार, तोच त्या बोलायला लागल्या. "आमचे हे शेवटी हॉस्पिटलात होते ना, तेव्हा पुतण्याने फोटो काढला. नाकात नळ्या, तोंड उघडं. 'काकांसाठी प्रार्थना करा' म्हणून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. भावना चांगलीच होती गं त्याची. पण हे कसे होते, तुला माहीत नाही. दूध आणायला खाली जायचे तरी भांग पाडून. गेल्यावर जो भेटायला येई तो म्हणे, फोटो बघितला, फार वाईट वाटलं. आता डोळे मिटले की मलासुद्धा आधी तोच फोटो दिसतो. मग नेहमीचे हे. तोवर वाट बघावी लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंगवा घेऊन आमच्या दारात आल्या. अप्पांना विचारलं, "भांग पाडू का?" अप्पांनी मान पुढे केली. तेव्हापासून त्या रोज येतात. अप्पा रोज विचारतात, "तुम्ही कोण?" त्या रोज सांगतात, "शेजारची सुमन." मग केस विंचरून, "गॅसवर दूध आहे" म्हणत उभ्याउभ्याच निघून जातात. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या कधी बसलेल्या नाहीत.

परवा त्यांना यायला जरा उशीर झाला. अप्पा दाराकडे बघत होते. म्हणाले, "भांग पाडणारी बाई आली नाही अजून?"

ताई आल्यावर मी त्यांना ते सांगितलं. अप्पांचे केस विंचरून झाले, तरी त्यांनी पुन्हा एकदा विंचरले. मग कंगवा खाली ठेवून अप्पांशेजारची खुर्ची ओढली.

"चहा टाक गं," म्हणाल्या. "आज बसते."