हरीशचा ट्राउट आणि आईची कणीक

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या औषध कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये सहकारी डेक्लन सहज म्हणाला, "ट्राउट मासा पकडणं हे व्हेजिटेरियन माणसाचं काम नव्हे." झालं! वाईच्या हरीश देवस्थळीचा अभिमान फणा काढून उभा राहिला. "शनिवारी तुझ्यासमोर पकडून दाखवतो," असं तो छाती ठोकून म्हणाला आणि संध्याकाळीच फिशिंग रॉड घेऊन घरी आला. मागच्या अंगणात त्याने रोज दोरी फेकायचा सराव केला. (त्यात बायकोचे, वृंदाचे, वाळत घातलेले टॉवेल आणि एकदा शेजारणीचं मांजर हाती लागलं. मांजर तातडीने सोडून देण्यात आलं.)

अडचण एकच होती. वाईहून आई आली होती आणि आपला मुलगा मासे मारतो हे तिला कळलं असतं, तर तिने तिथेच उपास धरला असता. म्हणून तिला नुसती "सहल" सांगितली.

शनिवारी सगळे शेजारच्या केरी परगण्यात पोचले. तिथे डोंगरातून नदी उड्या मारत येत होती. हरीश छातीपर्यंतची रबरी विजार चढवून ऐटीत पाण्यात उतरला. वृंदा आईंना घेऊन वळणापलीकडे गेली. दुपार झाली तरी गळाला काही लागेना.

"काल इथे मासेच मासे होते," डेक्लन डोकं खाजवत म्हणाला आणि वळणापलीकडे बघायला गेला. लगेच त्याची हाक आली, "हरीश! कम हिअर, क्विक!"

खडकावर आई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. ती कणकेच्या गोळ्या टाकत होती आणि अख्ख्या नदीचे ट्राउट तिच्यापुढे दाटीवाटीने जमले होते.

"तू मघाशी खाल्लीस ना? हो मागे," ती एकाला दटावत होती. हरीशला बघून तिचे डोळे भरून आले. "वृंदाने सांगितलं हो सगळं! आपल्या वाईच्या घाटावर मी माशांना गोळ्या घालते तशा इथेही घालता याव्यात, म्हणून सकाळपासून काठी घेऊन मासे माझ्याकडे वळवतोयस!"

हरीशने वृंदाकडे पाहिलं. वृंदा डोंगर बघत होती.

"युअर मदर इज अ लेजंड," डेक्लन म्हणाला आणि त्याने टोपी काढली. आईच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून हरीशलाही, खोटं कशाला सांगा, आपण थोर आहोत असं वाटू लागलं.

रात्री फोनकार्ड संपेपर्यंत आई वाईला मामांना सांगत होती, "किती गुणी आहे आपला हरीश! दिवसभर पाण्यात उभा होता, पण एकही मासा स्वतःकडे फिरकू दिला नाही!"