पाहणीच्या नावाची चौकशी

“माणसाचं नाव होय का हे?” शाळेचे कारकून घनश्यामबाबू रजिस्टरवर वाकून पुटपुटले. “उद्या कोणी पोराचं नाव परिपत्रक ठेवन, तेबी मीच लिहू.”

मी अंगणवाडीची ताई. मुलांचे कागद घेऊन शेजारीच बसले होते. समोर तांड्यावरची रामीबाई आणि तिचा पदर धरून उभी सहा वर्षांची नात, पाहणी. तिला पहिलीत घालायचं होतं. मुदत शनिवारपर्यंत. ती चुकली असती, तर शासनाच्या हिशेबी पोरगी पुढल्या जूनपर्यंत सहाच वर्षांची राहणार होती.

मुख्याध्यापकांनी प्रकरण गांभीर्याने घेतलं. पाहणी हे शासकीय कार्य असून ते खासगी व्यक्तीस धारण करता येईल काय, असं त्यांनी वर विचारलं. नावाचा उगम व अर्थ कळवावा, असं वरून आलं. तिघांची समिती नेमली गेली. हायस्कुलातल्या संस्कृतच्या सरांनी नाव थेट वेदकाळात नेऊन ठेवलं. घनश्यामबाबूंना त्यात शासनाची बदनामी दिसली. तिसरी मी. मी ‘अभिप्राय राखून ठेवला’ असं लिहिलं. फार सोयीचं वाक्य आहे ते.

शनिवारी समितीसमोर रामीबाईला उभं केलं.

“तांड्याची रीत हाय, साहेब. ज्या दिवशी जे घडलं, ते नाव. माही एक पोरगी बाजाराच्या दिवशी झाली, तिचं नाव बाजारी. दुसरी पावसाच्या झडीत झाली, ती झडी. अन् हे नात झाली त्या दिवशी दिल्लीवरून पथक आलतं, बुडाल्या कापसाची पाहणी कराले.”

“आपण अपेक्षा लिहू,” मुख्याध्यापक म्हणाले. “त्या नावाला कोणाची हरकत नसते.”

“लिहा. पोरगी शिकली म्हणजे झालं.”

मुख्याध्यापकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. घनश्यामबाबूंनी पुढचा रकाना घेतला. “जन्मठिकाण कोरं काहून?”

सर पंख्याकडे पाहू लागले. मी माझे कागद नीट लावले, मग पुन्हा लावले.

“सडकेवर झाली,” रामीबाई म्हणाली. “सुनेले पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. पथकाच्या गाड्या येणार म्हणून आमची बैलबंडी दोन घंटे अडवली. बंडीतच बाळंत झाली. गाड्या काचा लावून गेल्या, त्याईले काय माहीत. पण ताई, तू तर पथकाले ओवाळाले ताट घेऊन बंडीपाशीच उभी होती. सून तुले हाका मारून राह्यली होती, अन् तू ताटातला दिवा विझन म्हणून हाललीच नाही.”