खाडीचं सभासदत्व

श्रावणात आडखोलच्या खाडीने गावातल्या हवामान कृती गटाचा सभासद-अर्ज भरून परत पाठवला, आणि सगळे रकाने भरलेले असल्यामुळे तो मंजूर झाला.

चूक कुणाची म्हणाल तर गटाचीच. नारळी पौर्णिमेला गाव वाजतगाजत बंदरावर जातं आणि खाडीत नारळ सोडतं. त्या वर्षी गटातल्या कुणाला तरी हुक्की आली, की नारळाला आपला एक कोरा अर्जही बांधू, फोटो झकास येईल. फोटो आलाही झकास. पण अर्जावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘हवामानबदलाचा फटका बसलेली गावातील कोणीही व्यक्ती अथवा घटक सभासद होऊ शकेल.’ चौथ्या दिवशी अर्ज बंदराच्या पायरीवर सापडला. अक्षर जरा पसरट होतं, पण लागत होतं. नाव, राहण्याचं ठिकाण, फटक्याचं स्वरूप, सगळं लिहिलेलं. वयापुढे फक्त ‘सज्ञान’ एवढंच होतं.

गटाची चिटणीस वैजयंती डोर्लेकर हिने तो उन्हात वाळवला आणि फाइलला लावला. तिच्या मनात काहीतरी खुपलं होतं, नाही असं नाही. पण अर्ज नाकारायला कारण लिहावं लागतं, आणि कारण काय लिहायचं ते तिला सुचेना.

गट म्हणजे सतरा माणसं, दोन सतरंज्या आणि एक वही. खाडीकाठी कांदळवनाची रोपं लावायची, शाळेच्या भिंतीवर दर महिन्याला उधाणाची रेघ मारायची, उन्हाळ्यात कुणाला ऊन लागलं ते नोंदवायचं, अशी त्यांची कामं. दर महिन्याची सभा वहीतल्या क्रमाने, अदलाबदल न करता, एकेका सभासदाच्या घरी दुपारी चार वाजता भरायची. मत हात वर करून द्यायचं, आणि ठराव सर्वानुमतेच व्हायचा, एकाचाही विरोध चालायचा नाही. या नियमाचा गटाला फार अभिमान होता.

भाद्रपदातली सभा अध्यक्ष भालूनाना भाटकरांच्या पडवीत होती. नाना पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे नियम म्हटला की त्यांचा जीव की प्राण. चाराला पाच मिनिटं कमी असताना मागल्या दाराने पाणी आत आलं आणि सतरंजीच्या टोकाशी नीट बसलं. पहिला ठराव वाचला गेला, सतरा हात वर झाले, आणि पाणी बोटभर चढलं.

“हे काय?” कुणीतरी विचारलं.

“हात नाय तिला,” नाना म्हणाले. “म्हणून अशी मान्यता देते. लिहा वयनी, खाडी, होकार.”

वैजयंतीने तसं लिहिलं. त्या दिवशी पाच ठराव झाले आणि पाणी पाच बोटं चढलं. आभारप्रदर्शन झाल्याबरोबर ते उठलं आणि आलं तसं मागल्या दाराने निघून गेलं, चहालासुद्धा थांबलं नाही. एवढी शिस्त गटात दुसऱ्या कुणाला नव्हती. तालुक्याच्या समन्वयक मृणालताईंनी तर फोनवर दोनदा अभिनंदन केलं.

खरी गोम पुढच्या महिन्यात कळली. सभेत पहिला विषय असतो मागील इतिवृत्त कायम करण्याचा. ते कायम झालं मात्र, आणि पाणी एका दमात पाच बोटं चढलं. मग चार ठरावांची चार. सभासद पाय वर घेऊन बसले.

“इतिवृत्त कायम म्हणजे पातळीही कायम,” नानांनी खुलासा केला. “यात तिची काही चूक नाय. नियमाला धरूनच आहे.”

नवांची चौदा झाली, चौदांची एकोणीस. एकोणीस झाली ती मार्गशीर्षात, कुलसुमभाभी मुकादम यांच्या घरी. त्यांचा तांदळाचा डबा खोलीभर तरंगत फिरला आणि तरीही सतरा जणांनी टेबलावर, बाकावर आणि खिडकीत बसून हात वर केले, कारण ठराव चांगले होते. सांडपाण्याच्या ठरावाला नाही कोण म्हणणार? पाणी निघून गेल्यावर भिंतीवर ओली रेघ राहिली. वैजयंतीने ती आपल्या बोटांनी मोजली. पुढची सभा तिच्या घरी होती.

तिचा नवरा श्रीधर सहा वर्षांपूर्वी होडीच्या डोलकाठीवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. त्याला बाहेरचं दिसावं म्हणून खिडकीखाली सिमेंटचा ओटा बांधून त्यावर गादी घातली होती. घरी येऊन वैजयंतीने ओटा मोजला. चोवीस बोटं. पुन्हा मोजला, पुन्हा चोवीसच.

दुसऱ्या दिवशी तिने मृणालताईंना फोन लावला.

“ताई, या महिन्यात ठराव जरा कमी घेतले तर?”

“या महिन्यापासून दरमहा किमान सहा लागतात, वैजयंतीताई. वरती अहवाल जातो.”

“मग सभा तहकूब करते.”

“करा की. पण तहकूब सभेचे सहा पुढच्या सभेत जमा होतात. म्हणजे बारा.”

“आणि एखाद्याचं सभासदत्व रद्द करायचं असेल तर?”

“त्यालाही सर्वानुमत लागतं. म्हणजे त्या सभासदाचंही. पण असं का विचारताय? तुमचा गट तर आम्ही सगळीकडे उदाहरण म्हणून सांगतो.”

एकोणीस अधिक सहा पंचवीस होतात. हा हिशेब वैजयंती भाकऱ्या थापताना करी, कपडे वाळत घालताना करी, आणि दर वेळी उत्तर तेच येई. तिला भीती वाटत होती. खाडीच्या काठी जन्म गेला होता तिचा, उधाणं पाहिली होती, वादळात रात्र रात्र बंदरावर उभी राहिली होती, पण अशी भीती तिला कधी वाटली नव्हती. वादळाला निदान शिव्या तरी देता येतात. इथे सगळं रीतसर चाललं होतं.

नाना म्हणाले, चौघं येतो आणि श्रीधरला उचलून शाळेत नेऊन ठेवतो. श्रीधरने साफ नकार दिला.

“तीस वर्षं तिच्या अंगाखांद्यावर वावरलो,” तो म्हणाला. “ती माझ्या घरी यायची म्हणून मी उठून जाऊ? आणि गेल्या खेपेला उचललं तेव्हा पाठीत कळ गेली, ती आठ दिवस होती. ती कुठल्या ठरावात बसते, नाना?”

नानांना ती कुठल्याच ठरावात बसवता आली नाही. ते ओट्याच्या कडेला टेकले आणि स्वतःचा हात वरखाली करून पाहू लागले.

“हात वर म्हणजे होकार,” अखेर ते म्हणाले. “मग नकार म्हणजे हात खाली. तिने नकार दिला तर पाणी बोटभर उतरलं पाहिजे.”

“कधी उतरलंय?” वैजयंतीने विचारलं.

“तिने नकार कधी दिलाच नाय. आपण तसा ठरावच मांडला नाय कधी.”

कुलसुमभाभी दारात उभ्या होत्या, त्या पटकन आत आल्या. “मग तिलाच काढायचा ठराव मांडा. स्वतःला काढायला हो कोण म्हणेल?”

वैजयंतीने वही ओढली आणि बसल्या बैठकीला सहा ठराव लिहिले. पहिल्यात सभासदत्व रद्द करावं, दुसऱ्यात काढून घ्यावं, तिसऱ्यात संपुष्टात आणावं, असं करत सहाही ठराव एकाच गोष्टीचे. सहा नकार म्हणजे सहा बोटं खाली, एकोणिसाची तेरा. पुढच्या महिन्यात आणखी सहा. वरती अहवालालाही हरकत नाही. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी तिला जेवण गेलं.

सभेच्या दुपारी चाराला पाच कमी असताना मागल्या दाराने पाणी आलं. वैजयंतीने सतरंज्या अंथरल्याच नव्हत्या. माणसं बाकांवर, पिंपांवर, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर बसली होती. इतिवृत्त कायम झालं आणि पाणी एकदम एकोणीस बोटांवर आलं. ओट्याला पाच बोटं बाकी राहिली. श्रीधर उशीला टेकून पाण्याकडे बघत होता, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा.

“ठराव क्रमांक एक,” नानांनी वाचलं. “आडखोलच्या खाडीचं सभासदत्व या सभेपासून रद्द करण्यात यावं. सूचक वैजयंती डोर्लेकर, अनुमोदक कुलसुम मुकादम.”

सतरा हात वर झाले. काहींना वर करताना लाज वाटली. इतक्या महिन्यांत तिने एक सभा चुकवली नव्हती, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं.

पाणी थांबून राहिलं. वैजयंतीची नजर ओट्याच्या कडेवर खिळली होती. मनातल्या मनात ती म्हणत होती, नाही म्हण, बाई, एकदा नाही म्हण.

पाणी बोटभर चढलं.

नानांनी चष्मा पुसला. “ठराव सर्वानुमते मंजूर,” ते म्हणाले. “उरलेले पाच ठराव विषय न उरल्याने वगळण्यात येत आहेत.”

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की हे तर झालं बरंच. खाडी सुटली. आता सभा नाही, इतिवृत्त नाही, चढणं नाही. कुलसुमभाभींनी वैजयंतीचा हात घट्ट धरला, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. आभारप्रदर्शन एका वाक्यात उरकलं. सगळे उठले आणि मागल्या दाराकडे बघत उभे राहिले.

पाणी उठलं नाही.

“सभा संपली,” नाना जरा मोठ्याने म्हणाले.

पाणी होतं तिथेच होतं.

“नाना, सांगा ना तिला,” वैजयंती म्हणाली. “आभार झाले म्हणावं.”

“कुठल्या नियमाने सांगू वयनी?” नाना म्हणाले. “आभार झाल्यावर जायचं, हा नियम सभासदांना. ती आता सभासद नाय.”

“मग परत घ्या तिला गटात!” कुलसुमभाभी म्हणाल्या.

“अर्ज तिलाच करावा लागतो, भाभी.”

एवढं बोलणं होतंय तोवर पाणी बोटभर चढलं. वैजयंतीने सवयीने वही उघडली, लेखणी टेकवली आणि मान वर केली.

“हा कुठला ठराव?”

“कुठलाच नाय,” नाना म्हणाले. “आता तिला ठराव लागत नाय.”

मग मात्र धांदल उडाली. चौघं श्रीधरकडे धावले, त्यांनी त्याला काखेत धरून जेमतेम उचललं असेल नसेल, तो असा ओरडला की त्यांचे हात सुटले. नाना म्हणाले, असं नाही जमायचं, होडी आणू, गादीसकट होडीत घेऊ. बाबू भाटकराची होडी बंदरावर होती. सगळे गुडघाभर पाण्यातून दाराबाहेर पडले. गल्लीतही पाणी होतं, शेजारच्या घरातही होतं, शाळेच्या भिंतीवरच्या रेघा केव्हाच बुडाल्या होत्या. कुलसुमभाभी सर्वांत शेवटी गेल्या. “आलोच,” असं त्या तीनदा म्हणाल्या.

वैजयंती ओट्यावर चढली आणि नवऱ्याच्या पायथ्याशी बसली. बाहेर बाबूला मारलेल्या हाका ऐकू येत होत्या. हळूहळू त्या लांब गेल्या.

“गेले सगळे?” श्रीधरने विचारलं.

“गेले. होडी आणतायत.”

“आणि ती?”

“ती आहे.”

श्रीधर खिडकीबाहेर बघत होता. तिथून खाडी दिसायची, आता खाडी कुठून सुरू होते ते सांगता येत नव्हतं. गादीचं टोक ओलं झालं होतं. पाणी त्याच्या टाचांना लागलं होतं, मग घोट्यांना लागलं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. वैजयंतीने त्याचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि पदराने पुसायला लागली.

“काय झालं गो?” तो म्हणाला.

“काही नाय,” ती म्हणाली. “गार पडलेत.”