घरात बॅरलं किती?

शुक्रवार पेठेत ताप आलेला माणूस बसप्पा डॉक्टरांकडं जायला घाबरायचा. नाडी बघायच्या आधी डॉक्टर विचारायचे, "घरात बॅरलं किती?"

त्यांच्या दवाखान्याखाली माझं मेडिकल. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं घरोघरी बॅरलं भरलेली. रक्तात डेंग्यू निघाला की डॉक्टर त्याच दिवशी महापालिकेला कळवायचे. वर कागद पोचला का, हे स्कूटरवरून जाऊन बघून यायचे. मग धूर मारणारे येत, अळ्यांची बॅरलं उपडी करत, आणि पाणी गेलं म्हणून अख्खी गल्ली पेशंटच्या नावानं बोटं मोडी.

लोकही वस्ताद. पत्ता विचारला की खुशाल भावकीचा सांगत! एकदा एका चुलत्याची चार बॅरलं अशीच रिकामी झाली. चुलता दवाखान्यात येऊन थयथयाट करू लागला. डॉक्टर म्हणाले, "अळ्या तुमच्यातबी निघाल्याच की."

"डॉक्टर, जरा डोळेझाक करा. पेशंट तुटले, माझं दुकान बसायला आलंय," मी म्हणायचो.

"येनप्पा, काय रे बाबा, कळवलं पाहिजे की! एकाचं झाकलं तर शेजारचा मरतोय."

मला त्यांचा मनापासून राग यायचा.

गेल्या साली त्यांच्या बायकोला, गौरक्कांना ताप भरला. डॉक्टर दिवसभर लोकांच्या बॅरलांत बॅटरी मारत फिरणार, त्यांना कशाला सांगायचं म्हणून अक्कांनी तो अंगावर काढला. रिपोर्ट आला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी नेहमीचा कागद भरला. पत्ता स्वतःचा. दोन दिवसांनी अक्का गेल्या.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसं आली. मीही तिथंच होतो. स्वयंपाकघरामागच्या बॅरलात अळ्या वळवळत होत्या. त्यातला एकजण झाकण परत ठेवत हळूच म्हणाला, "डॉक्टर, हितं काय न्हाय सापडलं असं लिहितो."

"सापडल्या. माझ्याच घरात सापडल्या. लिही."

त्यानं लिहिलं आणि बॅरल उपडं करायला हात घातला. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी काठ धरला.

"थांब की रं जरा. हे तिनं भरलंय."

त्या माणसानं हात काढून घेतला. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. थोड्या वेळानं डॉक्टरांनीच ते आडवं केलं, आणि सगळं पाणी जाईपर्यंत धरून उभे राहिले.